ह्यो स्कॅन येगळा

शाहूपुरीतल्या आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारे ते गृहस्थ माऊसला सहसा हात लावत नाहीत. हात मागं बांधून उभे राहतात आणि पडद्यावरचं मलाच मोठ्यानं वाचायला लावतात. मी शहाद्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथं येऊन वर्ष झालं तरी मला ते ‘पावणं’च म्हणतात.

गेल्या महिन्यात अँटिव्हायरसचा लाल चौकोन वारंवार यायला लागला. त्या इंग्रजीतला ओळखीचा शब्द एकच, स्कॅन. माझं काम दिवसभर पावत्या स्कॅन करायचं. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. दोन दिवस मी पावत्या स्कॅन न करता टेबलाखाली दडवल्या. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं?

तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले आले, टेबलाखालचा गठ्ठा बघून हसले. “आवो पावणं, ह्यो स्कॅन येगळा. गल्लीतनं कोणतरी दारादाराची कडी हलवून बघतंय, एवढंच. आपली कडी लागलीया की! आता त्यो कोण ते बघू. त्या लाल चौकोनात आकड्यांचा पत्ता आसंल, त्यो वाचा.”

मी अडखळत आकडे वाचले. तेच आकडे मला ऑफिसातल्या नव्या प्रिंटरच्या पडद्यावर दिसले. जोडणीसाठी तो प्रिंटरच कॉम्प्युटर शोधत कड्या हलवत फिरत होता.

तेवढ्यात मालक आले. “कुणी घोळ घातला रे?”

“घोळ न्हाय, सायेब. पावण्यांनी शोधून काढलंय. त्यास्नीच इचारा,” म्हणून ते चहाला निघून गेले.

मालक स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. “सांग बघू सावकाश. मला बी कळू दे.”