ऑपरेशनच्या आधीची जेवणाची प्रार्थना

बदली होऊन मी बोरीवलीत राहायला आलो, त्या पहिल्याच बुधवारी आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची घरप्रार्थना एस्तेरबाईंकडे होती. गीतं झाली आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे बाईंनी आधी न सांगता एकाचं नाव घेतलं, "आता नवे आलेले शांतवनभाऊ आपल्याला प्रार्थनेत चालवतील." म्हणजे सर्वांच्या वतीने मोठ्याने प्रार्थना करायची. मी उठलो तो थेट जिन्यावर. चारचौघांत देवाशी बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडचं पाणी पळतं. बाई मागोमाग आल्या. माझी विसरलेली छत्री त्यांच्या हातात होती. "पुढच्या बुधवारी या. नाव घेणार नाही," एवढंच म्हणाल्या. पुढे दोन वर्षं त्यांनी शब्द पाळला. सतरंज्या घालायच्या कामाला मात्र मला न चुकता लावलं.

पालिकेच्या शाळेत बाईंनी हयात घालवली. रविवारी त्या लहानांना आणि आमच्यासारख्या थोरांनाही पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवतात. त्यांच्या व्यासंगाविषयी पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. माझी पोच एका प्रश्नापुरती आहे. मी एकदा विचारलं, "बाई, देव तीन असून एक कसा? पाणी, बर्फ नि वाफ, तसं का?"

"ते विज्ञानाच्या तासाला," बाई म्हणाल्या. "तुम्ही एवढंच धरा की देव कधीच एकटा नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात प्रेमाचं बोलणं अखंड चालूच आहे. आपण प्रार्थना करतो म्हणजे त्या बोलण्यात जाऊन बसतो. सुरुवात आपण करायची नसते हो!"

मी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं.

समजलं ते माझ्या पत्नीच्या, सरोजच्या, छातीत गाठ निघाली तेव्हा. ऑपरेशन ठरलं. गाठ कसली आहे, ते तपासणीनंतरच कळणार होतं. त्या दिवसांत मी ऑफिसात बेरजा चुकत होतो, घरी सरोजच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो. आमची मुलगी पाच वर्षांची. हिची वेणी उद्या कोण घालणार, हाच एक विचार डोक्यात फिरत असे. प्रार्थनेला बसलो की 'हे पित्या' याच्या पुढे शब्द येत नसे. बाई रोज शाळा सुटल्यावर येत, मुलीची वेणी घालत आणि माझ्याशेजारी घडीभर बसून जात.

ऑपरेशनच्या सकाळी प्रार्थनेसाठी येणारे पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, वेळेवर पोहोचले नाहीत. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारात उभा. सरोज बाईंना म्हणाली, "यांना सांगा ना प्रार्थना करायला." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं, "शांतवनभाऊ, करा."

मी डोळे मिटले. डोक्यात नुसता काळोख. आणि तोंडातून आलं ते लहानपणापासून पाठ असलेलं एकच : "हे स्वर्गीय पित्या, या ताटातल्या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो. ज्या हातांनी ते रांधलं त्यांना आशीर्वाद दे. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने..."

सरोजच्या पोटात आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नव्हता. ती खुदकन हसली. "अहो, कसलं ताट? मेले मी भुकेने!" मला लाजेने मेल्यासारखं झालं. पण बाई खणखणीत आवाजात "आमेन" म्हणाल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "पोचली. त्या बोलण्यात सगळं आधीच ठाऊक असतं." स्ट्रेचर हललं तेव्हा आम्ही तिघंही हसत होतो. भीती गेली नव्हती, तरी आत कुठेतरी निखळ आनंद होता. बाई म्हणाल्या होत्या त्या बोलण्यात मी जाऊन बसलो होतो.

गाठ साधी निघाली, हे दहा दिवसांनी कळलं. आनंद त्याच्या आधीच आला होता, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. आता पंचाहत्तरीत बाईंच्याच पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं आहे. या वयात भूल सोसेल का, यावर डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत. परवा भेटायला गेलो तर मलाच म्हणाल्या, "तोंड का उतरलंय? त्या सकाळी प्रार्थना तुम्ही करायची. नि नवं काही शोधू नका, जेवणाचीच करा."

मी हो म्हटलं आहे. भीती आजही वाटते आहे, ती वाचकांपासून लपवत नाही. बाईंनी ज्या बोलण्यात मला नेऊन बसवलं, तिथूनच मागतो : त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि घरी आल्यावरचं त्यांचं पहिलं पोटभर जेवण आमच्याकडे होवो. सरोजने भाजी कुठली ते ठरवून ठेवलं आहे. प्रार्थना मला पाठच आहे.