अलिबागला गेलेला पस्ताना

पांढुर्ण्याहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच लांब आहे.

हे मी अधिकारानं सांगते, कारण मी शाळेत भूगोल शिकवायची. भरती-ओहोटी, आखात, सामुद्रधुनी, खारे वारे, मतलई वारे, सगळं फळ्यावर खडूनं! आणि मी स्वतः पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली जाम नदी. (तीही पुलावरून. तीही सासरे "मागं सरक सूनबाई" म्हणेपर्यंत.) एकदा सातवीतली एक पोट्टी वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, समुद्राचं पाणी खरंच खारं राह्यते का? तुमी चाखून पाह्यलं का?" सगळा वर्ग माझ्या तोंडाकडं पाहायला लागला. मी म्हटलं, "खाली बस. तास संपत आला." तास नुकताच सुरू झाला होता! त्या दिवशी घरी येऊन चपला काढायच्या आधीच मी जाहीर करून टाकलं, "मला समुद्र पाहायचा आहे. म्हातारपणी नाही, काशीयात्रेसारखा नाही. याच वर्षी!"

आमचे हे तहसील कचेरीत होते. एरवी यांच्याकडून 'हो' काढणं म्हणजे कचेरीतून दाखला काढण्यासारखं. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "जाऊ ना वं! अलिबागले ताई आहेच. शुक्रवारची सुट्टी येऊन राहिली, शनिवारची रजा टाकतो. दोन दिवस एकदम निवांत!"

निवांत कसं, ते ऐका. शुक्रवारी संध्याकाळच्या पॅसेंजरनं नागपूर. तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबई. मुंबईहून लाँच, लाँचमधून उतरलं की एस.टी., आणि शनिवारी दिवेलागणीला अलिबागला वन्संच्या दारात. रविवारी दुपारी उलट्या क्रमानं हेच सगळं. म्हणजे समुद्राच्या वाट्याला आली एक सकाळ! पण मला तीही खूप होती. मला तर त्या दिवसापासून झोपच येईना. आमची सात वर्षांची बेबी वाळूत खेळायची बादली उशाशी घेऊन झोपायला लागली. आणि गल्लीत बातमी फुटली तशी बायका एकेक बाटली घेऊन यायला लागल्या. "बाई, थोडंसं समुद्राचं पाणी आणजा, देवाजवळ ठेवतो." मी सगळ्यांना हो म्हटलं. आनंदाच्या भरात मी तेव्हा कोणी टिपाड दिलं असतं तरी हो म्हटलं असतं!

सगळं ठरलं, नागपूर-मुंबईची तिकिटं निघाली, आणि मामाजींनी पंचांग उघडलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि म्हणाले, "शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ आहे. जाता येत नाही."

"मामाजी, तिकिटं निघाली ना!"

"तिकिटं कचेरीवाल्यानं काढली, पंचांग ब्रह्मदेवानं."

हे हळूच म्हणाले, "बाबा, मग काही उपाय?"

"उपाय आहे. गुरुवारी सकाळी मुहूर्त चांगला आहे. पस्ताना ठेवा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस वाईट असला, तर आदल्या चांगल्या मुहूर्तावर प्रवासातली एखादी वस्तू घराबाहेर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्या मुहूर्तावर सुरू झाला, असं धरतात. मग आपण आपल्या सोयीनं निघायचं आणि जाता जाता ती वस्तू उचलायची. यालाच प्रस्थान ठेवणं म्हणतात, आमच्याकडं पस्ताना. लोक सुपारी ठेवतात, रुमाल ठेवतात, एखादं धोतर ठेवतात. पण मामाजी हेडमास्तर! त्यांचे नियम बोर्डाच्या परीक्षेपेक्षा कडक. पस्ताना नदीपार गेला पाहिजे. एकदा गेलेला पस्ताना आपल्या उंबऱ्यात परत येता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "जिच्याशिवाय प्रवास होणारच नाही, अशी वस्तू ठेवा. सुपारी ठेवून देवाले फसवता का?"

आता मी पडले आज्ञाधारक सून, त्यात समुद्रासाठी जीव टाकलेली. मनात म्हटलं, या बाबतीत कसर नको. जिच्याशिवाय प्रवास होणारच नाही अशी वस्तू कोणती? कपडे? हो. मग सगळे चांगले कपडे पेटीत. बाटल्या? पेटीत. आणि तिकिटं? त्यांच्याशिवाय तर होणारच नाही! तीही पेटीत, माझ्या मोतिया साडीच्या घडीत. हे म्हणाले, "तिकिटं मह्याजवळ दे." मी म्हटलं, "तुमच्याजवळ? छत्री कुठं आहे तुमची?" छत्री मागच्या पावसाळ्यात हरवली होती. मी पेटीचं झाकण लावून टाकलं. (एवढं शहाणपण मी आयुष्यात पुन्हा कधी केलं नाही.)

मामाजींनी तेवढ्यात पांढरा ऑइलपेंट आणून लोखंडी पेटीच्या झाकणावर वळणदार अक्षरात वन्संचा पत्ता लिहून काढला. अलिबागचा, पूर्ण! मी म्हटलं, "मामाजी, लोक पेटीवर आपला पत्ता लिहितात."

"चुकतात. सामान हरवलं तर जिथं जायचं तिथं पोचलं पाहिजे. घरी येऊन काय करते?"

गुरुवारी मुहूर्तावर नदीपलीकडच्या सावरगावचे दौलतराव आले आणि पेटी सायकलीच्या कॅरिअरला बांधून पूल ओलांडून घेऊन गेले. दौलतराव म्हणजे मामाजींचे लंगोटीयार. गोटमारीच्या जत्रेत दोन्ही गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात; त्या दिवशी हे दोघं आपापल्या काठावरून एकमेकांचा उद्धार करायचे आणि संध्याकाळी एका ताटात जेवायचे. जाताना म्हणाले, "फिकीर नको करू सूनबाई. जिवापाड सांभाळतो."

त्यांनी शब्द पाळला. तिथंच तर घात झाला!

शुक्रवारी दुपारी तळहातावर दही घेऊन आम्ही निघालो. अंगावर घरचेच कपडे. माझी विटकी साडी, यांचा लेंगा. चांगले कपडे पेटीत होते ना, सावरगावला बदलायचे होते. बेबी बादली वाजवत पुढं. पूल ओलांडला, दौलतरावांच्या घराशी आलो, आणि दाराला हे मोठं कुलूप!

शेजारची बाई ओट्यावर धान्य पाखडत होती. म्हणाली, "कोण, दौलतराव? ते तं सकाळीच सौंसरले गेले. पोरीले पोरगी झाली ना त्याईच्या! निरोप आला तसे दोघं नवरा-बायको पळाले."

"आणि आमची पेटी?"

"ते घेऊन गेले ना जी! म्हणे, लोकाची अमानत हाये, बंद घरात कशी टाकू? डोक्श्यावर घेऊन बसमदी चढले."

यांनी घड्याळ पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिकिटांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. "अजून वेळ आहे," एवढंच म्हणाले, "चल!"

सौंसरची बस म्हणजे प्रत्येक झाडाखाली थांबणारी. कोणी हात केला की थांबे, कोणी नाही केला तरी विचारायला थांबे! मी खिडकीशी बसून जामसावळीच्या मारुतीला हात जोडत होते. "मारुतराया, तू तर समुद्र उडून गेलास. आम्हाला निदान तो पाहू तरी दे!" हे म्हणाले, "हळू बोल, लोकं पाहून राहिले."

दवाखान्यात पोहोचलो तर दौलतरावांची बायको आम्हाला पाहून हरखूनच गेली. "अगं माय! पांढुर्ण्याहून बारशाच्या आधी पाहुणे! पाह्य वं पोरी, कोण आलं!" तिनं बाळ माझ्या हातात दिलं, पेढा तोंडात कोंबला. बाळ गोड होतं हो, पण मी त्याच्या पाळण्याखाली पेटी शोधत होते!

"काकू, पेटी?" मी पेढा गिळून विचारलं.

"अवो, ते तर पेटी घेऊन आत्ताच निघाले! म्हणे, पाहुण्याईची गाडी हाये संध्याकाळची, पेटी थेट ठेसनवर नेऊन देतो. तुमाले रस्त्यात नाही दिसले?"

दिसले असतील! समोरून आलेल्या बसच्या टपावर चकाकणारं काहीतरी मी स्वतः पाहिलं होतं आणि बेबीला म्हटलंही होतं, "पाह्य, किती छान पेटी आहे कोणाची!"

परतीची बस भरलेली होती. आम्ही उभ्यानं, बेबी कोणाच्या तरी कापसाच्या गाठोड्यावर. ड्रायव्हरला हे दर दोन मिनिटांनी "भाऊ, जरा दाबा ना" म्हणत होते, आणि ड्रायव्हर प्रत्येक वेळी हॉर्न दाबत होता. तरी पोहोचलोच असतो, खरंच पोहोचलो असतो, पण गावाच्या तोंडाशी रेल्वेचं फाटक बंद!

"कोणती गाडी आहे जी?" यांनी विचारलं.

"नागपूर पॅसेंजर," फाटकवाला म्हणाला. "आज बाप्पा एकदम टायमावर!"

आणि मग ती आली. स्टेशनातून सुटलेली आमची गाडी. एकेक डबा माझ्या डोळ्यांसमोरून, अगदी हात लावावा इतक्या जवळून गेला. खिडकीतल्या कोणीतरी बेबीला टाटा केला. बेबीनंही बादली हलवून टाटा केला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला रडताना पाहून फाटकवाला म्हणाला, "कोणी जवळचं गेलं का बाई?"

स्टेशनवर दौलतराव उभे होते. हात मोकळे, चेहऱ्यावर पहिलटकर आजोबाचा आनंद.

"अरे! तुमी इथं कसे? मले वाटलं, तुमी गर्दीत पुढच्या डब्यात चढून गेले!"

"काका, पेटी कुठं आहे?"

"बसवून देली ना!"

"कोणाला?"

"पेटीले! एक भला माणूस भेटला, मुंबईलेच जाऊन राह्यला होता. त्याले सांगतलं, नागपूरले हे लोकं भेटतीन, त्याईले दे. नाही भेटले तं पत्ता लिवलाच हाये झाकणावर." मग माझा चेहरा पाहून हळूच म्हणाले, "काऊन सूनबाई? काही चुकलं का?"

काय सांगणार त्यांना? नात झालेल्या दिवशी त्या माणसानं आमच्यासाठी पेटी डोक्यावर घेऊन सौंसरची वारी केली होती. मी म्हटलं, "नाही काका, अभिनंदन," आणि पुन्हा रडायला लागले.

घरी आलो तर मामाजी दारात आडवे! "निघालेल्या माणसानं असं परत यायचं नसते. पाय धुवा, तिथंच बसा, अन् मगच आत या." आम्ही तिघं ओट्यावर ओळीनं बसलो. गल्लीतल्या बायका बाटल्यांची चौकशी करून गेल्या. सोमवारी शाळेत मी भूगोलाच्या तासाला इतिहास शिकवला.

काही दिवसांनी वन्संची तार आली. "पेटी पोचली. तुम्ही कुठे?"

भल्या माणसानं खरोखरच दारात आणून दिली होती! मी म्हटलं, "पार्सलनं परत पाठवायला सांगा. झाली तेवढी शोभा पुरे." तर मामाजी केवढ्यानं गरजले! "पस्ताना परत? माह्या घरात? अजिबात नाही! पस्ताना गेला म्हणजे प्रवास सुरू झाला. आता तो तुम्हालेच पुरा करा लागते. दिवाळीच्या सुट्टीत जा अन् आपल्या हातानं पेटी घेऊन या!"

मी त्यांच्या पायावर डोकंच ठेवलं. ज्या नियमानं माझा समुद्र घालवला, त्याच नियमानं परत दिला! आणि दिवाळीत आम्ही गेलो. खरंच गेलो! दार उघडायला वन्सं माझी मोतिया साडी नेसून आल्या! दुसऱ्या दिवशी मामाजींनी काढून दिलेल्या परतीच्या मुहूर्तावर सकाळीच निघायचं होतं, म्हणून पेटी घेऊनच किनाऱ्यावर गेलो. वन्सं म्हणाल्या, "पेटी माझ्याकडे राहू दे, जाताना घेऊन जा."

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. "आता ही पेटी कोणाच्याच घरी ठेवायची नाही!"

आणि समुद्र समोर आला. बाई गं! मी इतकी वर्षं फळ्यावर काय काढत होते! बेबी आणि हे पाण्यात धावले. "ये ना वं!" हे ओरडत होते. पण पेटी कोण पाहील? मी तिच्यावर घट्ट बसले आणि बसल्या जागेवरून समुद्र पाहत राहिले. एक फोटोवाला आला, म्हणाला, "ताई, इकडं तोंड करा, समुद्र मागं येऊ द्या." मी त्याच्याकडं वळले. पेटी सोडली नाही.

तो फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. मी आणि पेटीनं मिळून त्यातला समुद्र पूर्ण झाकला आहे. नवीन आलेला पाहुणा हटकून विचारतो, "बाई, हा कोणता बसस्टँड आहे?"

मी आता वाद घालत नाही. म्हणते, "अलिबागचा."