पाठलागबाईच्या यादीबाहेर

ऑफिसात तिला सगळे पाठलागबाई म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. कामच तसं होतं. तुम्ही कधी मोबाईलवर बूट बघितलेत, रंग बदलून बघितलात, किंमत दिसल्यावर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत बाहेर पडलात, आणि मग तेच बूट बातम्या वाचताना, हवामान बघताना, भाचीचा निकाल शोधताना पुन्हापुन्हा समोर येऊन उभे राहिले, तर समजा की अशाच कुठल्या तरी बाईनं नाहीतर बुवानं तुम्हाला यादीत घातलंय. उगाच शिव्या देऊ नका. त्या बिचाऱ्यांना तुमचं नावसुद्धा माहीत नसतं. कुणीतरी आलं होतं, थांबलं होतं आणि काही न घेता गेलं, एवढंच त्यांना कळतं.

अशा जाणाऱ्यांच्या याद्या लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बूट बघून गेलेल्याच्या मागे महिनाभर लागायचं, सोफा बघणाऱ्याला जास्त मुदत द्यायची, कारण सोफा घ्यायचा तर घरात आधी भांडण व्हावं लागतं. औषधांच्या वाटेला जायचंच नाही, कुणाच्या दुखण्याचा पाठलाग करायचा नसतो. आणि सगळ्यात आधी, ज्यानं वस्तू घेतली त्याला यादीतून काढून टाकायचं. घेतलं की सुटला! एकदा नव्या मुलीकडून हे राहून गेलं आणि पाळणा विकत घेतलेल्या एका बाईला रोज पाळणेच दिसू लागले. बाईनं फोन करून विचारलं, "मला जुळं होणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तेव्हापासून पाठलागबाई कुठलीही यादी उघडली की बोटांच्या सवयीनं आधी घेणाऱ्यांना वगळायची. डोकं वापरावं लागायचंच नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

घरी तिचं नाव ताई. हक्कानं तशी हाक मारणारी एकच होती, धाकटी बहीण, आणि ती घर सोडून गेली होती.

धाकटीला बाबा 'काडी' म्हणत. लहानपणी ती होतीच तेवढी, वाऱ्यानं उडेल अशी. बाबा वेताच्या खुर्च्या विणायचे, गिऱ्हाइकं त्यांना मिस्त्री म्हणायची. ताईला त्या कामात कधी गोडी वाटली नाही. वेत भिजत घातलेल्या पाण्याचा वास आला की ती नाक मुरडून पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायची. काडी मात्र बाबांच्या पायाशी बसून वाढली. शाळेत जायच्या वयात तिनं एक बुटकं स्टूल विणलं, त्यात एक पट्टी वरून जायची ती खालून गेली. बाबांनी चूक बघितली, हसले आणि तशीच ठेवली. त्या स्टुलावर बसून तिनं पुढे शेकडो खुर्च्या विणल्या.

मग बाबांचे गुडघे गेले, धंदा बसला, आणि ताईनं आपल्या हुशारीनं दुकानाचा पुढचा भाग एका मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला भाड्यानं दिला. बाबांना विचारलं होतं. काडीला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. ती बाहेरून आली तर तिच्या कामाच्या जागी काचेचं कपाट आणि आत रंगीबेरंगी कव्हरं!

"माझी जागा दिलीत?" एवढंच ती म्हणाली.

"अगं, मागे आहे ना जागा," ताई म्हणाली.

"मागे उजेड नाही."

त्यावर ताई काय बोलली असेल? "तुला काय, आज ना उद्या तू जाणारच." लग्न करून, असं तिच्या मनात होतं. काडी दुसऱ्याच दिवशी गेली. आठवडाभरात येईल परत, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण कसलं काय, तीन वर्षं झाली. नंबर बदलला. मावशीला तेवढा तिचा ठावठिकाणा माहीत, पण मावशीच्या तोंडाला कुलूप. "ती बरी आहे. कामधंद्याला लागलीय. याउपर मला विचारू नकोस. तुझं नाव काढलं तर ती माझाही फोन उचलायची नाही."

बाबा तिचा विषय काढत नसत. पण रोज सकाळी ते स्टूल पुसत आणि त्यावर कुणालाही बसू देत नसत. दुरुस्तीवाला एकदा चहाचा कप ठेवायला गेला तर त्याच्यावर असे खेकसले की त्या गरिबानं आठवडाभर चहाच सोडला.

ताईला काडी हवी होती. ऑफिसातून येताना बसमध्ये कुणाचं तरी कोपर लागलं की तिला वाटायचं, काडी शेजारी बसून अशीच ढोसायची, "ताई, खिडकी दे." खिडकी आता रोज मिळायची. ती बसायचीसुद्धा नाही तिथे.

एके दिवशी बाबा जेवता जेवता म्हणाले, "माळ्यावरचा वेत संपला की दुकान बंद करायचं. नवा आणायचा नाही."

ताईचा घास हातातच राहिला. दुकान बंद झालं तर काडीनं परत यायचं ते कशाला आणि कुठे? आपल्यासाठी ती येणार नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

मग तिनं तिला येत होतं तेच केलं. मिस्त्रींच्या दुकानाची वेबसाईट काढली. उरलेल्या खुर्च्या, दुरुस्तीची चौकशी, घरी विणणाऱ्यांसाठी वेताच्या जुड्या. आणि एका पानावर त्या स्टुलाचा फोटो, चुकलेली पट्टी स्पष्ट दिसेल असा. खाली लिहिलं, 'विक्रीसाठी नाही.' मावशीला गळ घातली, "माझं नाव काढू नकोस. बाबांनी दुकान ऑनलाईन काढलंय, एवढंच म्हण आणि लिंक पाठव." मावशीनं कुरकुरत पाठवली.

ताईचा हिशेब सरळ होता. काडी येणार, बघणार आणि फणकाऱ्यानं निघून जाणार. अशा जाणाऱ्यांसाठीच तर ताईचा जन्म होता! स्टुलाचं पान बघून गेलेल्यांची तिनं यादी लावली, आणि त्यांना दिसेल अशी जाहिरात केली. स्टुलाचा फोटो आणि एक ओळ: 'तुझं स्टूल अजून इथेच आहे.' काडी एकदा दुर्लक्ष करेल, दोनदा करेल. पण आज इथे, उद्या तिथे ते स्टूल समोर येत राहिलं तर कधीतरी तिचं बोट थांबेलच. माणूस पहिल्या खेपेला नाहीच म्हणतो, यावर ताईची नोकरी चालली होती.

पण जाहिरातीचं यंत्र अडून बसलं. यादीत माणसं फार कमी, जाहिरात दाखवता येणार नाही. निदान शंभर तरी हवीत. नियम चांगलाच आहे, नाहीतर कुणीही उठून एकाच माणसाच्या मागे हात धुऊन लागेल. ताईनं हा नियम कितीतरी गिऱ्हाइकांना तोंडपाठ समजावला होता. त्या दिवशी मात्र तिनं कपाळावर हात मारला. एका बहिणीला एक वाक्य सांगायचं, तर आधी शंभर परकी माणसं गोळा करा!

तिनं केली. खुर्च्यांच्या जाहिराती दिल्या, लोकांना स्टुलापर्यंत आणलं. यादी भरली आणि 'तुझं स्टूल अजून इथेच आहे' हे वाक्य गावोगाव फिरायला लागलं. लोकांचे निरोप येऊ लागले. एकानं विचारलं, "मी कधी स्टूल विसरलो होतो का?" एका आजींनी लिहिलं, "माझ्यासाठी नाही हे कळलं, तरी बरं वाटलं. काढू नका." एक गृहस्थ भलतेच भडकले, त्यांच्या बायकोनं विचारलं होतं म्हणे, कुठल्या घरात तुझं स्टूल आहे? ताई हसता हसता रडली. सगळ्या जगानं वाचलं होतं. जिच्यासाठी लिहिलं होतं, तिचा पत्ता नव्हता.

इकडे धंदा मात्र चालू लागला. ऑर्डर आली की दुरुस्तीवाला कागद छापून मागे द्यायचा, बाबा जुडी बांधायचे, कुरिअरवाला न्यायचा. बाबा हल्ली सकाळी दाढी करून बसायला लागले होते. पण प्रत्येक ऑर्डरबरोबर माळा रिकामा होत होता. ताईनंच उघडलेल्या दुकानातून ताईच्याच आशेचा वेत निघून चालला होता. ती रोज संध्याकाळी शिडी लावून वर डोकावायची. ऑर्डरी मात्र तिनं एकदाही उघडून बघितल्या नाहीत. घेणाऱ्यांशी तिला काय करायचं होतं? तिची सगळी नजर न घेता गेलेल्यांवर.

एक दिवस दुपारी ऑफिसात दुरुस्तीवाल्याचा फोन आला.

"ताई, एक विचित्र ऑर्डर आहे. नेहमीचंच गिऱ्हाईक, कुठल्याशा खुर्ची दुरुस्ती केंद्राचं. सुरुवातीपासून बारीक वेत नेतात. पण या वेळी खाली निरोप लिहिलाय."

"वाच."

"'जुडीला हल्ली एकच वेढा असतो, पूर्वी दोन असायचे. बाबांना गाठ मारायला त्रास होत असेल तर रबर लावायला सांगा.'" वाचून तो म्हणाला, "ताई, सगळे तर त्यांना मिस्त्री म्हणतात. आणि साईट सुरू झाल्यापासून मी बघतोय, ते एकच वेढा मारतात. दोन वेढे यांनी कधी बघितले?"

ताईनं फोन न ठेवताच ऑर्डरी उघडल्या. मावशीनं लिंक पाठवली त्याच दिवशीची पहिली ऑर्डर, खुर्ची दुरुस्ती केंद्र, बारीक वेत, एक जुडी. मग पुन्हा. मग पुन्हा. काडी आली होती आणि न घेता गेलीच नव्हती. पहिल्या दिवशीच तिनं घेतलं होतं. आणि ताईच्या बोटांनी सवयीनं सगळ्या घेणाऱ्यांना वगळलं होतं. ते वाक्य भडकलेल्या गृहस्थाला दिसलं, आजींना दिसलं. जगात जिला ते कधीच दिसणार नव्हतं, ती एकटी काडी होती. आणि दिसू नये याची सोय ताईनं स्वतः केली होती.

शेजारच्या मुलीनं विचारलं, "काय झालं? कुठली यादी चुकली?"

"एकही नाही," ताई म्हणाली आणि पर्स उचलून घरी निघाली.

बाबा बारीक वेताची शेवटची जुडी पुढ्यात घेऊन बसले होते. ताईनं निरोप वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग जुडीवरून हात फिरवला.

"वेत दुसरीकडेही मिळतो," ते म्हणाले. "जवळ, चांगला मिळतो. तरी इथूनच नेत होती पोरगी."

"रबर देऊ का?" ताईनं विचारलं.

"नको." त्यांनी सुतळी घेतली. पहिला वेढा झाला. दुसऱ्या वेढ्याला बोटं वळेनात. सुतळी निसटली, पुन्हा धरली, पुन्हा निसटली. ताई मदतीला पुढे झाली तर तिचा हात झटकला. शेवटी दुसरा वेढा बसला, सैल, पण बसला. बाबांच्या कपाळावर घाम आला होता.

"कुरिअरवाल्याला देऊ नकोस," ते म्हणाले. "पत्ता आहे ना कागदावर?"

दुसऱ्या दिवशी पाठलागबाईनं रजा टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा खराखुरा पाठलाग केला. दोन बस बदलल्या. वाटेत तिनं काय काय बोलायचं ठरवलं आणि काय काय खोडलं, ते विचारू नका.

गल्लीच्या तोंडाशी उन्हात एक खुर्ची मांडून ठेवली होती, अर्धी विणलेली. आत केंद्रात, उजेडात, दाराकडे पाठ करून काडी बसली होती. तशीच किडकिडीत. केस कापलेले. ताई उंबऱ्याशी उभी राहिली. वाटेत ठरवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. अगदी आल्या पावली परत जावं की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"आत या, नुसतं बघितलं तरी चालेल," काडी मान वर न करता म्हणाली.

ताई आत गेली. तिनं वाकून जुडी तिच्या मांडीवर ठेवली.

काडीनं वर बघितलंच नाही. तिची बोटं आधी गाठीवर गेली. पहिला वेढा चाचपला. दुसरा चाचपला. कितीतरी वेळ ती तो सैल वेढा अंगठ्यानं दाबून बसली होती.

"ताई," ती म्हणाली, "मी रबर लावायला सांगितलं होतं ना गं."

ताई खाली तिच्या शेजारी जमिनीवरच बसली. "तुझं स्टूल अजून इथेच आहे" असं काहीतरी ती पुटपुटली. स्टूल इथे नव्हतंच, घरी होतं.

"माहितीये मला," काडी नाक पुसत म्हणाली. "फोटो बघितला होता. पण तिथे लिहिलं होतं, विक्रीसाठी नाही. मला वाटलं, ते मलाच बजावलंय."