आईने बांधून ठेवलेले टाळ
हातखंब्याच्या नाक्यावर कुणीतरी काजूबिया भाजत होतं, आणि त्या वासाने मी थेट आमच्या जुन्या घरी जाऊन पोहोचलो. आई कारखान्यात काजू फोडायची, चिकाने तिच्या बोटांची सालं निघायची, आणि त्या कमाईवर मी रत्नागिरीला कॉलेज करत होतो. तिचा विरंगुळा एकच, गुरुवारचं देवळातलं भजन. तत्त्वज्ञानाच्या तासाला योगाचे मार्ग सुरू झाले तशी माझी मान ताठ झाली. घरी आल्यावर जेवता जेवता मी ऐकवलं, "ज्ञानयोग सगळ्यात वरचा. टाळ कुटून देव मिळत नाय." आईने माझ्या ताटात आणखी भात वाढला. महिन्याने पुन्हा गेलो तर एसटीतून उतरल्या उतरल्या शेजारच्या काकूंनी अडवलं. "काय रे पंडिता, आयशीला काय सांगून गेलास? चार गुरुवार देवळात फिरकली नाय ती." घरात पाहतो तर टाळ फडक्यात बांधून माळ्यावर टाकलेले. "अगं, हे काय?" "तूच म्हणालास ना? घरात शिकलेला तू एकटा. तू चुकीचं कशाला सांगशील?" कर्म, भक्ती, ज्ञान, ध्यान, वाटा निराळ्या तरी पोचायचं एकाच ठिकाणी, हे त्याच धड्याच्या शेवटी होतं आणि मी तिथवर वाचलंच नव्हतं. माझ्या अर्धवट वाचनावर तिने भजन सोडलं होतं. टाळ मीच खाली काढले, "आई, माझं चुकलं" म्हटलं, आणि त्या गुरुवारी तिच्याबरोबर देवळात जाऊन बसलो. पुढे मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. आई आजही दर गुरुवारी भजनाला बसते.