वैशाखातल्या विहिरीला मृगाचा वास

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. जन्मभर मास्तरकी केली. वर्गात भुताची गोष्ट काढणाऱ्या पोराला मी ओणवा उभा करत असे... त्या पोरांपैकी कोणी हे वाचलं, तर त्यानं खुशाल हसावं.

हल्ली मी अमरावतीला लेकाकडे असतो. घरात नळ आलाय. सून कुरकुरते — उन्हाळ्यात पाण्याला गाळाचा वास येतो, पावसाळ्यात मातीचा. मी म्हणतो, यायचाच. नळाला पाणी तळ्याचं; तळं आटलं की गाळ, भरलं की माती. पाण्याला ऋतू कळतो, त्यात नवल ते काय? पण आमच्या वलगावच्या विहिरीचा ऋतू एकदा चुकला होता. त्याचं नवल मला आजही आहे.

कापसाच्या तेजीची ती वर्षं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आला. वलगावच्या माळ्यांनी वांग्याचे वाफे मोडून कापूस लावला. रेल्वे अजून यायची होती, त्यामुळे अकोल्याकडून अमरावतीच्या बाजाराला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या आमच्या दारच्या कडुनिंबाखाली मुक्कामाला सुटायच्या. गाडीवान आमच्याच विहिरीवर बैलांना पाणी पाजायचे, अंघोळी करायचे, धोतरं धुवायचे. आमच्याशिवाय आणखी चार घरं त्या विहिरीचं पाणी प्यायची.

पाण्याचे वास आमचे ठरलेले. चैत्रात निंबाच्या फुलाचा, आषाढात काळ्या मातीचा, भादव्यात कुजक्या पानांचा, थंडीत कसलाच नाही. आणि मृगाच्या तोंडावर सरकीचा! पेरणीआधी सरकी शेणमातीत घोळावी लागते, म्हणजे तिची लव बसते आणि दाणा दाण्याला चिकटत नाही. माझी माय विहिरीच्या ओट्यावर बसून हे काम करायची. सगळ्याच बाया करतात. पण माय त्यात हिंगाचं पाणी टाकायची, कीड लागू नये म्हणून. हे गावात दुसरं कोणी करत नसे. ओट्यावरचं पाणी झिरपून विहिरीत जायचं, म्हणून तिचा दंडक होता — "हिंगाचा वास हाय तोवर हीर बंद." तेवढे दोन-चार दिवस प्यायचं पाणी पेढी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून यायचं.

त्या वर्षी मायला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी सरकारी शाळेत मास्तर, म्हणून शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला दिलेलं. सरकीचा एक दाणा घरात येत नव्हता.

वैशाखातल्या एका सकाळी बायकोनं घागर माझ्यापुढे आणून ठेवली. "अवो, हे हुंगा बरं."

हुंगलं. शेण, सरकी... आणि हिंग. स्वच्छ ओळखू येणारा!

घागर घासून पुन्हा पाणी काढलं, तरी तोच वास. मी विहिरीत डोकावलो. पाणी नितळ. पेरणीला महिना होता, गावात कोणी सरकी घोळत नव्हतं. बायको एवढंच म्हणाली, "सासूबाईचा वास हाय. हीर बंद." आणि घागर उचलून नदीची वाट धरली. मी तिची थट्टा केली... आणि तिनं आणलेलं झिऱ्याचंच पाणी प्यायलो. हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पारबताकाकूनं तिला विहिरीजवळ अडवलं. काकूचा नवरा गाडीवान. बाई तोंडानं फटकळ, पण माय गेली तेव्हा महिनाभर आमच्या घरी भाकरी तिनंच पोचवल्या होत्या.

"काहून वं बाई, नदीवर काहून चालली? घरची हीर रुसली काय तुह्यावर?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं म्हणालो, "तिच्या पोटाला हे पाणी सोसत नाही, काकू. वैद्यानं नदीचं सांगितलंय."

"घ्या! अन् आमी काय इख पिऊन राहिलो?" काकू हसली. पोहरा वर ओढून ती तिथंच ओंजळभर पाणी प्यायली. "साखरेवानी हाय, मास्तर."

तिला वास आला नाही. कोणालाच येत नव्हता, फक्त आम्हा दोघांना. घरात आल्यावर बायको म्हणाली, "सांगा न तिले. चारही घराले सांगा."

"काय सांगू? मेलेली माय हिरीतून वास धाडून राहिली, म्हणून?" मी खेकसलो. आठ दिवसांनी तपासणीला डिप्टीसाहेब यायचे होते. 'भूत नाही' हे वाक्य मी त्याच आठवड्यात पोरांकडून पाटीवर घोटून घेतलं होतं. मास्तरच असं बोलतो हे साहेबांच्या कानावर गेलं असतं तर? मी बायकोलाही गप्प बसवलं.

पाचव्या दिवशी आमच्या आळीत पटकी आली. पारबताकाकूला सकाळी ढाळ सुरू झाले आणि दुपारी ती गेली. त्या चार घरांतली आणखी दोन माणसं गेली. आमच्या घरात कोणाला काही झालं नाही.

काकूला शेवटची अंघोळ घालायला बायकोनं आमच्याच विहिरीचं पाणी काढलं. त्याला वास नव्हता! पुढे विहीर उपसली. निघाला गाळ आणि एक फुटका तांब्या.

तेव्हा लोक म्हणाले, मरीमायचा कोप. मी म्हणालो, वैशाखाचं ऊन. पुढे बरीच वर्षं अकोल्याला होतो. तिथल्या एका डॉक्टरांनी समजावलं की पटकी पाण्यातून पसरते, गाडीवानांपैकी कोणी तरी ती विहिरीवर आणली असेल. मला पटलं. मग भीत भीत वासाचं विचारलं. ते म्हणाले, "पटकीच्या पाण्याला वास नसतो, मास्तर."

मग तो वास कसला होता? बायकोनं त्यानंतर कधी विषय काढला नाही. डोळे मिटायच्या आधी एकदाच बोलली. "सासूबाईनं तुमाले सांगतलं. पुढं चार घराले तुमी सांगाचं होतं."

परवा नळाच्या पाण्याला जरा जास्तच वास आला. काठी घेऊन आळीतल्या सगळ्या घरी सांगून आलो — पाणी उकळून प्या. लोक हसले. म्हाताऱ्याला चळ लागलाय म्हणाले. जायला-यायला मला अर्धा तास लागला.

पारबताकाकूचं दार आमच्या विहिरीपासून वीस पावलांवर होतं.