भिडू नसलेला डाव

मेंढीकोटला चार माणसं लागतात. आग्नेल गेला आणि आम्ही तीन उरलो. एवढ्याशा कारणानं जूचंद्रच्या काशिनाथकाकांना सत्तरीच्या उंबरठ्यावर तीन पत्ती शिकावी लागली, आणि शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझा स्वभाव तापट. शिकवणं हे काही माझं काम नव्हे.

बँकेतून निवृत्त होऊन मी पंच्याण्णव साली नायगाव पूर्वेला फ्लॅट घेतला. आमची बिल्डिंग सकाळी सातला ओस पडायची, आणि मग दुपार अगदी खायला उठायची. बंद पडलेल्या मिठागराच्या कचेरीच्या ओट्यावर आमचा डाव बसायचा. एका बाजूनं मी आणि आमच्याच मजल्यावरचे जयवंतराव, दुसऱ्या बाजूनं काशिनाथकाका आणि आग्नेल. काकांनी चाळीस वर्षं त्याच मिठागरात राबून काढली होती, आग्नेल तिथला कारकून. भिडू समोरासमोर बसतात, तसे ते दोघं रोज समोरासमोर.

दोघं पक्के लबाड. डावा कान खाजवला की इस्पिक, नाक चोळलं की बदाम. हे आम्हाला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं, तरी हरायचो आम्हीच. विचारलं तर दोघंही असे साळसूद चेहरे करायचे की आपलीच आपल्याला लाज वाटावी.

काकांच्या घरी सात माणसं. मुलांनी घरावर दोन मजले चढवले तेव्हा काकांची खाट मागच्या पडवीत गेली. काकी जाऊन नऊ वर्षं झाली होती. वाईट कुणी वागवायचं नाही, ताट वेळेवर यायचं. पण दिवसभरात म्हाताऱ्याला विचारलं जायचं ते एकच, "जेवलात का?" बाकी जे काही बोलायचं असेल ते आग्नेलपाशी. दोन हजार सालच्या जानेवारीत आग्नेल झोपेतच गेला. काकांनी त्याला खांदा दिला, आणि तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसले.

मी त्यांना बोटांवर शिकवलं. अंगठा म्हणजे तीन सारखी पानं, सगळ्यांत भारी. त्याखाली एकाच रंगाची ओळ, म्हणजे लागोपाठची पानं, मग साधी ओळ, मग नुसता रंग, आणि करंगळी म्हणजे जोडी.

"आनि कायच नसला तर?" काकांनी विचारलं.

"तर बिनधास्त थाप मारायची. बाकीच्यांनी घाबरून पॅक केलं, म्हणजे पानं टाकली, की डाव तुमचा. मग तुम्ही पानं दाखवायचीसुद्धा नाहीत. दोघंच उरले आणि एकानं 'शो' मागितला, तरच दाखवायची."

"मंग माज्याकडं काय व्हतं ते कोनालाच कळनार नाय?"

"नाही कळणार. तीच तर गंमत आहे."

काकांना ती गंमत काही केल्या वाटेना.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. जयवंतराव वाऱ्यासाठी म्हणून आग्नेलच्या जागेवर सरकले होते. त्यांनी दोन वेळा चढवून पैशांऐवजी ठेवलेले चिंचोके टाकले, तशी काकांनी समाधानानं आपली पानं खाली ठेवली. मी सहज उलटून पाहिली. तीन राजे!

"अहो काका, तीन राजे कुणी टाकतं का?"

"समोरून चाल आली ना," काका म्हणाले. "त्यांचा हात व्हतोय तर आपन कशाला मधे पडायचा?"

मेंढीकोटात हे बरोबरच. भिडूचा हात होत असेल तर आपण वर चढायचं नसतं. मी मात्र कपाळावर हात मारला आणि ओरडलो, "काका, यात भिडू नसतो! ज्यानं त्यानं आपापल्यापुरतं खेळायचं!"

काका समोर जयवंतरावांकडे बघत राहिले. मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं, पण मी पत्ते पिसत होतो.

त्या दिवसापासून काका बंद खेळायला लागले. पानं न बघता नुसते चिंचोके टाकायचे. तसं नियमात बसतं, पण रोज, प्रत्येक डाव? मी एकदा चिडून कारण विचारलं.

"बगितली का सांगावीशी वाटतात," एवढंच म्हणाले.

जयवंतराव कंटाळले. एका मंगळवारी येता येता मला म्हणाले, "चंद्रहासराव, भिंतीशी खेळल्यासारखं वाटतंय. सोसायटीच्या ऑफिसात कॅरम आलाय. मी उद्यापासून तिकडे." ते गेले की डाव मोडणार होता, आणि काकांना पडवीतल्या खाटेशिवाय जागा उरणार नव्हती. मी काकांना बाजूला घेऊन सरळ सांगून टाकलं. "आज पानं बघून खेळा. नाहीतर हा ओटा संपला."

काकांनी मान हलवली. मी पत्ते वाटले. त्यांनी तिन्ही पानं उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ पाहिली. मग त्यांचा हात सावकाश वर गेला आणि डावा कान खाजवायला लागला.

जयवंतराव खो खो हसले. "काका, कान खाजवू नका! तुमची पानं कळतात आम्हाला."

काकांचा हात कानावरच राहिला.

"कळू द्या," ते म्हणाले. "कोनाला तरी कळाय पायजेत ना."

जयवंतरावांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी आपली पानं खाली ठेवली. आता मी आणि काका. माझ्याकडे नव्व्यांची जोडी होती, आणि इस्पिकच्या रंगापुढे जोडी टिकत नाही हे मीच त्यांना शिकवलं होतं. शहाण्या माणसानं पॅक करावं. पण मी पॅक केलं असतं तर काकांची पानं तशीच गड्डीत गेली असती, कुणी न बघता.

मी चिंचोके पुढे सारले आणि म्हणालो, "शो."

काकांनी एकेक करून पानं मांडली. राजा, सत्ती, चौकी. तिन्ही इस्पिक.

"बगा," काका म्हणाले. "बगा ना."