महागाचा टाइम

संध्याकाळचे पाच वाजले की गयाबाई उठून कूलरचं बटण बंद करत. मे महिन्याचं ऊन तेव्हा भिंतींतून उतरलेलं नसे, पत्र्याला हात लावला तर चटका बसे. बाई ओला पंचा डोक्यावर टाकून ओट्यावर येऊन बसत आणि दहा वाजेपर्यंत घरात पंखासुद्धा लावत नसत. येणारा-जाणारा विचारी, "बाई, लाइट गेली का?" त्या म्हणत, "लाइट हाय. टाइम महागाचा हाय."

ताडकळसला त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. ओळख मात्र त्या भिंतीहून जुनी. चार वर्षांचा असताना मला रडत-ओरडत त्यांच्या अंगणवाडीत नेऊन बसवलं होतं. हजेरीला 'हाजिर' म्हणायला बाईंनीच शिकवलं. पुढे इंग्रजी शाळांच्या नादानं पोरं 'येस मॅडम' म्हणायला लागली, तर बाई म्हणायच्या, "इथं मॅडम कोन हाय? नीट हाजिर म्हन." सगळी हयात मानधनावर गेली. वय झालं आणि त्या घरी बसल्या, पेन्शन नव्हतीच. नवरा तरुणपणीच गेलेला. एकुलता एक मुलगा विजय पुण्यात कंपनीत. घरखर्च तोच पाठवायचा, विजेचं बिलही तोच मोबाइलवरून भरायचा.

बाई कुणाला भिणाऱ्यातल्या नव्हत्या. एकदा अंगणवाडीत खिचडीच्या तांदळात सोनकिडे निघाले. बाईंनी तक्रारी केल्या, कुणी दाद दिली नाही. मग तपासणीला साहेब आले त्या दिवशी त्यांनी त्याच तांदळाची खिचडी शिजवली आणि ताट साहेबांपुढे ठेवलं. "लेकरांच्या आधी तुमी चाखा, साहेब." साहेबांनी ताट बाजूला सारलं. चौथ्या दिवशी नवी पोती आली.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत नवी मीटरं बसली. विजयनं फोन करून आईला सांगितलं की आता वेळेप्रमाणे दर वेगळा आहे, नीट काय ते दत्ता सरांना विचार. दत्ता सर म्हणजे मी. शाळेत विज्ञान शिकवतो. बाई दारात आल्या तेव्हा मी गाडीला किक मारत होतो.

"दत्ता, ह्या मीटरचं काय सांगायलेत रे?"

"सोपं हाय, बाई. सकाळी नऊ ते पाच वीज स्वस्त. पाच ते दहा महाग."

एवढंच बोललो. शाळेला उशीर होत होता.

दुसऱ्या दिवसापासून बाईंचं घर त्या वाक्यावर चालायला लागलं. पाण्याची मोटार भर दुपारी, मिक्सर दुपारी, साडीची इस्त्री दुपारी. संध्याकाळी एक बल्ब. हिवाळ्यात मला त्याचं कौतुकच वाटलं. वर्गातही मी त्यांचं उदाहरण दिलं.

उन्हाळा लागला तशी शेजारची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली. मे उजाडला तेव्हा बाळ महिन्याचं झालं होतं, सगळ्या अंगावर घामोळं. एका संध्याकाळी ते रडायचं थांबेना, तेव्हा बाईंनी मायलेकरांना घरी आणलं आणि तासभर कूलर लावला. बाळ झोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विजयचा फोन आला. नव्या मीटरमुळे तासातासाचा वापर त्याला तिकडे मोबाइलवर दिसायचा. "आई, काल सात वाजता काय चालू होतं?"

बाई माझ्याकडे आल्या त्या चेहरा पाडूनच. "आयुष्यात मला कुनी असं विचारलं न्हाई, दत्ता. मी घरात काय करायलेय ते त्याला पुन्यात दिसायलंय."

"मग सांगायचं ना, बाळासाठी लावला म्हणून. तुम्ही तर साहेबाला भ्याला नाहीत."

"साहेब काय, बदलून जातो. पोरगं तुटलं तर मी कुनाकडं जाऊ?" मग पदरानं मान पुसत म्हणाल्या, "जाऊ दे. आपल्यापायी कुनाला तसदी नको."

त्यानंतर शेजारची लेक दोनदा दारात आली. बाईंनी बाळाला ओल्या फडक्यानं पुसलं, पुठ्ठ्यानं वारा घातला, बटणाला हात लावला नाही. मी रागावलो. "बाई, निदान पंखा लावा. जीव जाईल अशानं." त्यांनी पंचा पुन्हा भिजवून डोक्यावर टाकला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना जुलाब लागले. मी शाळेच्या कामानं परभणीला होतो. ओट्यावर येऊन बसण्याइतकीही ताकद नव्हती, म्हणून त्या आतल्या खोलीत पडून राहिल्या. पाचला मात्र भिंत धरून उठल्या असणार, कारण कूलर बंद होता. सात वाजता माझी बायको उषा पेज घेऊन गेली. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ सुकलेले. उषानं पंख्याचं बटण दाबायला हात वर केला, तर बाई पुटपुटल्या, "दहा वाजू दे गं."

त्यांचं शेवटचं बोलणं ते. परभणीच्या दवाखान्यात आणेपर्यंत शुद्ध गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी गेलं आणि उष्णता चढली. उघड्यावर नाहीतर वाऱ्यात असत्या तर कदाचित वाचल्या असत्या.

जलदानविधी झाला. पाहुणे पांगले. विजय माझ्याजवळ येऊन बसला आणि त्यानं मोबाइल पुढे केला. बाईंच्या वीजवापराचा आलेख होता: दिवसाचे उभे निळे पट्टे, आणि संध्याकाळच्या जागा जवळजवळ मोकळ्या.

"मी हे रोज बघत होतो, सर," तो म्हणाला. "जागा मोकळी दिसली की बरं वाटायचं. म्हटलं, आईला जमलं एकदाचं."

मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी मोबाइलकडेच बघत राहिलो. खाली दराचा तक्ता होता. तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. दिवसाच्या विजेला सवलत होती. संध्याकाळच्या विजेला नेहमीचाच दर होता. घरगुती मीटरला संध्याकाळी एक पैसाही जास्तीचा लावलेला नव्हता.

"विजय," मी म्हणालो, "संध्याकाळी महाग नव्हतंच. मी न वाचता सांगितलं."

त्यानं तक्ता दोनदा वाचला. "मी तरी कुठं वाचला, सर," एवढंच म्हणाला आणि उठून बॅग भरायला गेला. दुपारच्या गाडीनं तो पुण्याला परतला.

शाळा पुन्हा सुरू झाली आहे. पोरं अवघड काही विचारतात. नक्की माहीत नसेल तर मी आता म्हणतो, "उद्या सांगतो," आणि घरी येऊन वाचत बसतो. त्या सकाळी गाडीवर बसल्याबसल्या बाईंना एवढे दोन शब्द सांगायला मला काहीच वेळ लागला नसता.